सायकलीचा सत्कार

गेल्या डिसेंबरांत आम्ही खोपोलीहून सायकलीनें बोरघाट चढून एका दिवसांत पुण्यास परत आलों. ही गोष्ट जशी घडली तशीच ती विसरलीहि गेली असती. परंतु निगडीच्या चौकांत अकस्मात् भेटलेल्या एका तरुण सहकाऱ्यानें आमचें छायाचित्र घेतलें, तें मोबाइलच्या कृपेनें अध्यापक-कक्षांतील प्रत्येकाच्या हातीं पोंचलें, आणि पंधरा दिवसांच्या आंत आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहांत आमचा सत्कार झाला. शाल होती, श्रीफळ होतें, झेंडूचा हार होता. एका वक्त्यानें पंचावन्नाव्या वर्षींच्या या ‘अचाट साहसा’ची तुलना हिमालयाच्या चढाईशीं केली. दुसऱ्यानें हा आदर्श डोळ्यांपुढें ठेवावा असें विद्यार्थ्यांस बजावलें. संस्थेचे एक जबाबदार पदाधिकारी अध्यक्षस्थानीं होते. ‘सरांनीं सायकलीस प्रतिष्ठा मिळवून दिली’ असे उद्गार त्यांनीं काढले आणि टाळ्या झाल्या. उत्तरादाखल आम्ही आभाराचे चार शब्द बोललों आणि खालीं बसलों. जें बोलावयास पाहिजे होतें तें त्या वेळीं तोंडून निघालें नाहीं. गळ्यांत हार असतां माणसाची जीभ जड होते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. तें राहिलेलें भाषण आम्ही आज या पानांवर करणार आहों.

आमचें म्हणणें असें कीं हा सत्कार करणें चूक होतें आणि तो स्वीकारणें ही त्याहून मोठी चूक होती. यांत विनयाचा भाग नाहीं. केलेल्या कामाची स्तुति कोणास आवडत नाहीं? परंतु जें साहस नव्हे त्यास साहस म्हटलें म्हणजे एक विपरीत गोष्ट घडते. तें काम सामान्य माणसाच्या आटोक्यांतून उचललें जाऊन एका उंच कोनाड्यांत नेऊन ठेवलें जातें. मग त्याची पूजा होते, त्यास हार घातले जातात, आणि रोजच्या व्यवहारांत त्यास जागा देण्याच्या जबाबदारींतून सर्वजण मोकळे होतात. सायकलीचें आपल्या समाजांत हल्लीं नेमकें हेंच झालें आहे. हें समजण्यासाठीं त्या दिवशीं काय घडलें तें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण सभेंत त्याचें जें वर्णन झालें तें ऐकून आम्हांसहि तो प्रवास कोणी दुसऱ्यानेंच केला असावा असें वाटूं लागलें होतें.

आदल्या दिवशीं घाट उतरून आम्ही खोपोलीस भाच्याकडे मुक्कामास होतों. पहाटे सहा वाजतां निघालों. खोपोली सोडली कीं लगेच चढ लागतो. डिसेंबरांतला गारवा होता, परंतु पहिल्या दोन वळणांतच अंगांतला स्वेटर काढून मागच्या पिशवींत ठेवावा लागला. डाव्या-उजव्या बाजूस अंधारांत कांहीं दिसत नव्हतें. खालच्या गांवांतले दिवे मात्र प्रत्येक वळणागणिक थोडे थोडे खालीं जात होते. घाट सायकलीनें चढतांना प्रथम जी गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, घाट हा एकसारखा नसतो. मोटारींत बसलेल्यास चढ म्हणजे केवळ यंत्राच्या आवाजांतला एक बदल. सायकलवाल्यास मात्र दर पन्नास पावलांवर रस्त्याचा स्वभाव पालटलेला कळतो: वळणाच्या आंतल्या कडेस चढ एकदम उभा होतो, बाहेरच्या कडेस तो थोडा मवाळ असतो, आणि वळण संपल्यावर दहा-वीस हात असे येतात कीं तेथें रस्ता आपणहून विसांवा देतो. आमच्या आधींच्या पिढ्यांतील गाडीवानांस हे विसांवे पाठ असत. बैल तेथें आपोआप थांबत असे.

1830 सालीं माल्कमसाहेबाच्या अमदानींत या घाटांतून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला. त्यापूर्वीं घाटावरचा माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून खालीं उतरत असे. 1863 सालीं येथूनच आगगाडी वर चढली. दर सदतीस फुटांस एक फूट एवढा तिचा चढ, आणि तो आंखणारा इंजिनीअर जेम्स बर्कले. या रेल्वेचें काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 सालीं हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें तें काम तज्ज्ञ इंजिनीअर नेमून तडीस नेलें. ज्या हजारों मजुरांनीं हे बोगदे खोदले आणि जे पटकीनें व तापानें या डोंगरांत मेले त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. लोकांनीं मात्र आपल्या परीनें एक नांव जपलें आहे. शिंगरोबा नांवाच्या धनगरानें साहेबास घाटाची वाट दाखविली आणि बक्षिसाऐवजीं त्यास मरण मिळालें, असें या बाजूस सांगतात. त्याचें देऊळ जुन्या रस्त्यालाच आहे. येणारेजाणारे ट्रकवाले चालत्या गाडींतून तेथें नाणें टाकतात. आम्ही सव्वासातच्या सुमारास तेथें टेकलों, पाणी प्यालों, आणि चालत्या गाडींत नसल्यामुळें नाणें फेकण्याऐवजीं नीट ठेवतां आलें.

उजाडल्यावर खोपोलीच्या वीजगृहाकडे येणारे प्रचंड नळ डोंगराच्या अंगावर दिसूं लागले. 1915 सालीं हें वीजगृह सुरू झालें. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचें पाणी या नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खालीं येतें आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या एके काळीं चालत. पाणी जेवढें खालीं येतें जवळजवळ तेवढेंच आम्ही त्या सकाळीं वर चाललों होतों. हा योग पाहून आम्हीं मनाशीं एक हिशेब मांडला. (आमचा विषय इंग्रजी वाङ्मय असला तरी शाळेंतलें पदार्थविज्ञान अजून शिल्लक आहे.) आमचें वजन, सायकलीचें वजन आणि मागची पिशवी मिळून नव्वद किलो धरा. एवढें वजन पांचशें मीटर उचलावयास सुमारे 4 लक्ष 40 हजार ज्यूल काम लागतें. आम्हांस चढावयास विसांवे वगळून दोन तास लागले. भागाकार केला तर दर सेकंदास एकसष्ट ज्यूल, म्हणजे पूर्वीं आपल्या माजघरांत लोंबत असे त्या साठ वॉटच्या एका पिवळ्या दिव्याएवढी शक्ति. चाकांचें घर्षण धरलें तर त्याहून थोडी अधिक. माणसाचे स्नायू खाल्लेल्या अन्नाचा चौथा-पांचवा हिस्साच कामास लावतात हें लक्षांत घेतां एकंदर खर्च चार भाकऱ्यांचा. सभेंत ज्या अचाट पराक्रमाचें वर्णन झालें तो चार भाकऱ्या आणि एक दिवा एवढ्यांत बसतो.

येथें कोणी म्हणेल, हिशेब ठीक आहे, परंतु चढ तो चढच. तर त्याचें उत्तर सायकलीच्या इतिहासांत आहे. आजची सायकल, म्हणजे सारख्या दोन चाकांची आणि मागच्या चाकास साखळीनें फिरविणारी, ती 1885 सालीं स्टार्लीनें इंग्लंडांत बनविली. हवा भरलेली धांव डनलॉपनें 1888 सालीं आणली. पुढें गिअर आले, आणि त्यावर फ्रान्समध्यें जें भांडण झालें तें मोठें बोधप्रद आहे. सेंत-एत्येन गांवीं पॉल द विवी नांवाचा गृहस्थ होता. मूळ धंदा रेशमाचा. 1887 सालीं त्यानें सायकलीविषयींचें मासिक काढलें आणि ‘वेलोसिओ’ या टोपणनांवानें तो लिहूं लागला. गांवाबाहेरच्या डोंगरांतील खिंड सर्वांस ओलांडतां यावी म्हणून त्यानें चढासाठीं हलका आणि सपाटीसाठीं जड असे निरनिराळे गिअर असावे असा आयुष्यभर आग्रह धरला. याच्या उलट पक्ष आंरी देग्रांज याचा. 1903 सालीं तूर द फ्रान्सची शर्यत ज्यानें सुरू केली तोच हा. त्यानें 1902 सालीं असें लिहिलें कीं गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांसाठीं आहेत. खऱ्या मर्दानें आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावें, यंत्राच्या युक्तीनें नव्हे. हा हट्ट एवढा चालला कीं त्याच्या शर्यतींत धांवपटूंस गिअर बदलण्याचें साधन वापरावयास 1937 सालापर्यंत परवानगी मिळाली नाहीं.

देग्रांजसाहेबांस वाटलें होतें कीं त्यांनीं गिअरची थट्टा केली. आमच्या मतें त्यांनीं नकळत त्याची सर्वांत मोठी शिफारस केली. ज्या साधनानें पंचेचाळिशी उलटलेला माणूस डोंगर ओलांडूं शकतो तें साधन थोर कीं ज्यानें फक्त पंचविशींतला मल्ल ओलांडूं शकतो तें थोर? देग्रांजास शर्यत पाहिजे होती, म्हणून त्यास घाट दुर्गम राहावयास हवा होता. वेलोसिओस खिंडीपलीकडचा गांव पाहिजे होता. प्रतिष्ठेखातर कधीं पायडल मारूं नये असा त्याचा उपदेश असे. आमच्या सत्काराच्या सभेंत वक्ते झाडून सारे देग्रांजाच्या पक्षाचे होते, आणि त्यांस तें ठाऊकहि नव्हतें.

सवाआठाच्या सुमारास आम्ही खंडाळ्याच्या अंगास वर आलों. घाटाच्या या वरच्या भागांत जुनी आणि नवी वाहतूक एकमेकींस खेटते, आणि सर्व प्रवासांत मनास धास्ती वाटली ती एवढ्याच पट्ट्यांत. येथला अमृतांजन पूल, जो माल्कमच्या रस्त्याबरोबरचा, तो 2020च्या एप्रिलांत पाडला गेला. त्याच्या कमानीखालून गेलेलीं आमच्या पिढीचीं बालपणें कितीतरी असतील, असो. रस्त्याच्या कडेस एका टपरीवर चहा घेण्यास थांबलों. टपरीवरच्या बाईनें सायकलीकडे आणि आमच्या पिकल्या केसांकडे पाहून विचारलें, “काका, गाडी बंद पडली का कुठं?”

“नाहीं हो ताई, सायकलीनंच निघालों आहे. खोपोलीहून पुण्याला.”

“मग पैज लागलीय का कुणाशी?”

पैजहि नाहीं असें सांगितल्यावर तिनें चहा पुढें केला आणि थोडा वेळ विचार करून म्हणाली, “माझे सासरे दुधाच्या चार किटल्या लावून रोज सायकलीनं लोणावळ्याला जायचे. पावसाळ्यातसुद्धा. तीसएक वर्षं गेले असतील. तुमच्या किटल्या कुठंयत?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि अजूनहि नाहीं. त्या सासऱ्यांस कोणीं शाल दिली असेल असें वाटत नाहीं. चार किटल्यांचें ओझें घेऊन तीस वर्षें केलेली ये-जा म्हणजे पोटाचा उद्योग, आणि रिकाम्या हातानें एक दिवस केलेला तोच उद्योग म्हणजे साहस, असा हा न्याय आहे. सायकलीवर बसणारा गरीब असेल तर ती त्याची अडचण. तो प्राध्यापक असेल तर ती त्याची थोरवी! सायकलीस प्रतिष्ठा आम्हीं मिळवून दिली असें अध्यक्षमहाशय म्हणाले. तिची प्रतिष्ठा घालविली कोणीं, हें मात्र ते बोलले नाहींत.

लोणावळ्यापासून पुढें सगळा आनंदच. इंद्रायणीच्या खोऱ्यांतून रस्ता हळूहळू उतरत जातो. डावीकडे कार्ल्याचा डोंगर, उजवीकडे लोहगड आणि विसापूर ही जोडी तासभर सोबत करते. मोटारींतून हीच जोडी आम्हीं शंभर वेळां पाहिली असेल, परंतु विसापूर हा लोहगडाहून एवढा लांबरुंद आहे हें त्या दिवशींच प्रथम कळलें, कारण त्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आमची नजर आणि आमचे पाय बरोबर चालत होते. कामशेतच्या खिंडीजवळ तरुण सायकलस्वारांचा एक ताफा आम्हांस ओलांडून गेला. घट्ट रंगीत पोशाख, काळे चष्मे, एकेका सायकलीची किंमत आमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराहून कितीतरी अधिक. त्यांतल्या एकानें जातां जातां विचारलें, “सर, ॲव्हरेज किती पडतंय?” आम्हांस तें ठाऊक नव्हतें. घड्याळांत, मोबाइलांत, पायडलांत मोजमापें बसवून डोंगरास केवळ आंकड्यांत पाहणारी ही मंडळी म्हणजे देग्रांजाचे नवे शिष्य, असें आम्ही मनांत म्हणालों, आणि वडगांवच्या अलीकडे आमचें मागचें चाक बसलें. चिडून चाक उलगडीत असतां त्याच ताफ्यांतला एक मुलगा परत फिरून आला, न सांगतां खालीं बसला, आणि दहा मिनिटांत नळी बदलून, आमच्या पंपास नांवें ठेवून निघून गेला. तेव्हां या मंडळींविषयीं लिहावयाचें जें ठरविलें होतें त्यांतलें अर्धें आम्ही गाळीत आहों.

वडगांव म्हणजे जेथें 1779च्या जानेवारींत इंग्रजी फौजेस तह करणें भाग पडलें तें. बैलांचा प्रचंड लवाजमा घेऊन ती फौज याच घाटानें वर आली होती. ओझें फार झालें म्हणजे घाट चढूनहि उपयोग नसतो, हा विचार मनांत घोळवीत आम्ही तळेगांव, देहूरोड करीत निगडीस आलों. आणि दुपारीं चार वाजतां, सुमारे ऐंशी किलोमीटरांचा प्रवास करून, घरीं पोंचलों. रात्रीं पाय दुखले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिल्या तासास व्याख्यान दिलें. एवढीच ही कथा.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें पाहूं. पहिला आक्षेप वेळेचा. मुंबई-पुणें द्रुतगति-मार्ग 2002 सालीं पूर्ण झाला. त्यावर तीन तासांत मुंबई गांठतां येते. मग दिवसभर पाय झिजविण्यांत अर्थ काय? अर्थ काय हें खरें म्हणजे ज्याच्या-त्याच्यावर सोपविण्याजोगें आहे. तीन तास वांचविणारा गृहस्थ ते वांचलेले तास कोठें ठेवतो हें आम्हांस कळलेलें नाहीं. शनिवारीं सकाळीं घाटांत मोटारींची जी रांग लागते तींत ते खर्च होत असावेत.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो गंभीर आहे. रस्त्यावर माणसें मरतात, आणि त्यांत पायीं चालणारे व सायकलवाले असतात, हें नाकारण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाहीं. आमच्या घरींहि या प्रवासापूर्वीं दोन दिवस अबोला होता. परंतु धोका कोणापासून आहे? सायकल सायकलीवर आपटून घाटांत कोणी मेल्याचें ऐकिवांत नाहीं. धोका मोटारीचा, आणि त्यावर उपाय म्हणून रस्त्यावरून हांकलली जाते सायकल. चोराच्या भीतीनें घरधन्यासच घराबाहेर झोपावयास सांगण्याचा हा प्रकार आहे. द्रुतगति-मार्गावर सायकलीस बंदी आहे, याबद्दल आमची तक्रार नाहीं. तो रस्ता वेगासाठींच बांधला. तक्रार अशी आहे कीं, ती बंदी हल्लीं सुशिक्षितांच्या मनांत प्रत्येक रस्त्यास लागू झाली आहे. पुण्यांतल्या आपल्या गल्लींतून शाळेंत जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलासहि आपण म्हणतों, “सायकल नको रे बाबा, रहदारी फार.” मग त्यास सोडावयास मोटार काढतों, आणि रहदारींत एका मोटारीची भर घालतों.

याच शहरास सायकलींचें शहर म्हणत. 1980 नंतरच्या दशकांत आम्ही विद्यार्थी असतांना महाविद्यालयाच्या आवारांत सायकलींची जी गर्दी असे तींत आपली सायकल ओळखावयास खुणेचा दोरा बांधावा लागे. प्राध्यापक सायकलीनें येत. एक संस्कृतचे प्राध्यापक धोतराचा कासोटा क्लिपेंत अडकवून येत आणि कोणी हंसत नसे. पुढें आम्हीं स्कूटर घेतली तेव्हां सायकल भंगारवाल्यास दिली, त्याचे आलेले पैसे मोजून खिशांत टाकले, आणि पुढें पंचवीस वर्षें आपण कांहीं गमावलें आहे असें मनांत आलें नाहीं. ही कबुली येथें दिली पाहिजे, कारण पुढची कबुली याहून वाईट आहे.

तिसरा आक्षेप कोणी तोंडानें बोलत नाहीं, परंतु तोच खरा आहे. सायकल हें गरिबाचें वाहन आहे, आणि तें सोडतां येणें ही आपल्या वर्गाच्या प्रगतीची खूण आहे. वाहन म्हणून ती टाकली. खेळ म्हणून, व्यायाम म्हणून, रविवारची हौस म्हणून ती पुन्हां घरांत आली, आणि आली ती लाखाची होऊन. सायकलीवर विक्रम करणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. 1923 सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जग पाहावयास निघाले. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे 1928 सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. हार घालावा तर त्यांस. परंतु सायकलीचें खरें सामर्थ्य पृथ्वीप्रदक्षिणेंत नाहीं. 2006 सालीं बिहार सरकारनें नववींत जाणाऱ्या मुलींस सायकली देण्याची योजना काढली, आणि ज्या खेड्यांपासून माध्यमिक शाळा लांब होती तेथल्या मुलींचें शाळेंत जाणें त्यामुळें वाढलें असें अर्थशास्त्रज्ञांनीं अभ्यास करून दाखविलें. त्या मुलींपैकीं एकीनेंहि घाट चढला नसेल. शाळा चार-पांच किलोमीटर जवळ आली, एवढेंच झालें.

आतां आमच्या महाविद्यालयाकडे वळतों. तीन वर्षांपूर्वीं आवाराच्या सुधारणेसाठीं एक समिति नेमली होती. मुख्य इमारतीच्या मागें पत्र्याच्या छपराखालीं सायकलींचा जुना स्टँड होता. त्यावर देखरेखीस एक म्हातारे गृहस्थ बसत. ते निवृत्त झाले तेव्हां त्यांच्या जागीं कोणी नेमला नाहीं. सायकली थोड्या उरल्या आहेत, जागा मोक्याची आहे, आणि अध्यापकांच्या मोटारी उन्हांत तापतात, असे तीन मुद्दे समितीपुढें आले. स्टँड काढून तेथें मोटारींसाठीं छायेची सोय करण्याचा ठराव एकमतानें संमत झाला. त्यावर पांच सह्या आहेत. चौथी आमची आहे. आमचीहि मोटार उन्हांत तापत असे.

सत्काराच्या पुढच्याच आठवड्यांत आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गांतला एक मुलगा दिसेनासा झाला. अकरा किलोमीटरांवरच्या गांवाहून तो सायकलीनें येत असे, हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें. दहा-बारा दिवसांनीं भेटला तेव्हां कळलें कीं आवारांत सायकल आणूं देत नाहींत म्हणून तो ती फाटकाबाहेर कुंपणास साखळीनें बांधून ठेवी; ती कोणीं पळविली. बसनें यावयाचें तर पहिली बस पहिल्या तासानंतर पोंचते, आणि तिच्या भाड्याचा प्रश्न आहेच. आम्हीं विचारलें, “अरे, आधीं सांगितलें कां नाहींस? आवारांत ठेवण्याची कांहीं तरी व्यवस्था केली असती.” तो खालीं पाहून म्हणाला, “सर, विचारलं होतं ऑफिसात. स्टँड नाही म्हणाले. वर्गात घेऊन येऊ का म्हटलं, तर हसले.”

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. सभेच्या दिवशीं तो शेवटच्या रांगेंत होता आणि त्यानेंहि टाळ्या वाजविल्या होत्या, हेंहि त्यानेंच सांगितलें. आम्ही चढलों तो घाट आयुष्यांतून एकदां, भरल्या पोटीं, घरीं कोणी वाट पाहत असतां. तो मुलगा रोज बावीस किलोमीटर जात-येत होता. आठवड्याचे सहा दिवस धरले तर आमच्या त्या दिवसाहून त्याचा आठवडा दीडपटीहून अधिक भरतो. ज्या सभागृहांत आमच्या गळ्यांत हार पडला त्याच्या खिडकींतून तो छायेचा मांडव दिसतो. त्याखालीं त्या दिवशीं अध्यक्षमहाशयांची मोटार होती, आणि आमचीहि होती. सत्कारास आम्ही सायकलीनें गेलों नव्हतों. शाल घ्यावयाची, तर कपडे बरे असावेत, असा विचार केला होता.

आमचे एक मित्र म्हणतात, एवढ्या लहान गोष्टीचा एवढा मोठा लेख कशास? एक सायकल चोरीस गेली, दुसरी घेऊन द्या आणि प्रश्न मिटवा. सायकल आम्हीं घेऊन दिली; घ्यावयास त्या मुलाचे वडील सहजीं तयार नव्हते, म्हणून ती उसनी आहे असें दोघांनींहि ठरविलें आहे. परंतु त्यानें प्रश्न मिटत नाहीं. ती सायकल हल्लीं आमच्या विभागाच्या खोलींत, पुस्तकांच्या कपाटापाशीं उभी असते. जिना चढवून ती वर आणावी लागते आणि त्याबद्दल आम्हांस एक लेखी समजहि आली आहे. ज्या संस्थेनें घाट चढल्याबद्दल शाल दिली तिनेंच जिना चढल्याबद्दल समज दिली, याची नोंद आम्हीं दोन्ही कागद एकाच धारिकेंत लावून केली आहे.

स्टँड पुन्हां उभारावा असा एक अर्ज आम्हीं केला. जागा फार नको. दोन मोटारी उभ्या राहतात तेवढ्या जागेंत वीस सायकली सहज मावतात. अध्यापक-कक्षांत तो फिरविला. सत्काराच्या वर्गणींत छत्तीस नांवें होतीं. अर्जावर सात सह्या मिळाल्या, त्यांत दोन शिपायांच्या. अर्ज पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेंत नवव्या क्रमांकावर घेतला असल्याचें कार्यालयाकडून कळलें आहे. त्या समितीवर आम्ही पूर्वीं होतों, त्यामुळें सातव्या-आठव्या विषयानंतर मंडळी चहास उठतात आणि उरलेले विषय पुढें ढकलले जातात, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. या वेळीं चहा बैठकीपूर्वीं द्यावा, अशी विनंति करणारें दुसरें पत्र आम्हीं कालच धाडलें.